सॉरी म्हटलं की बॉल आपला

राज्यभरातले खेळाडू गोळा करायचे आणि त्यांना मंगल कार्यालयात खेळवायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. शिक्रापूर सोडून शिरूरकडं निघालं की हायवेला लागूनच ते कार्यालय आहे. लग्नाच्या तिथी नव्हत्या म्हणून हॉल रिकामा, आणि हॉल रिकामा म्हणून आत पूलची टेबलं. एरवी जिथं पंगती बसतात तिथं टेबलांच्या रांगा लावलेल्या. नवरा-नवरी उभी राहतात त्या स्टेजवर आयोजक बसलेले, आणि त्यांच्या मागं मागच्या लग्नातले थर्माकोलचे दोन मोर तसेच राहिलेले. भिंतीवर एका पुढाऱ्याचा एवढा मोठा फ्लेक्स होता की खेळ नक्की कशाचा चाललाय ते शोधावं लागत होतं. ते खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं : राज्यस्तरीय हौशी पूल स्पर्धा.

त्या हौशींपैकी मी एक. मूळचा कवठे येमाईचा, नोकरीला कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, राहायला दौंडात. वय अडतीस. या वयात आमच्याकडची माणसं सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात, मी पूलच्या टेबलाशी उभा होतो. दोन्हीत घरच्यांचा तोटाच असतो, पण निवडणुकीत निदान गावजेवण तरी होतं, असं माझी बायको म्हणते.

ज्यांना पूल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिरव्या कापडाचं टेबल, त्याला सहा भोकं. पंधरा रंगीत बॉल आणि एक पांढरा. रंगीतांतले सात भरीव रंगाचे, सात पट्ट्याचे आणि एक काळा. एकानं भरीव घ्यायचे, दुसऱ्यानं पट्ट्याचे. काठीनं पांढऱ्याला मारायचं, पांढऱ्यानं आपल्या बॉलला मारायचं आणि आपला बॉल भोकात घालायचा, कुठल्याही भोकात गेला तरी पाळी आपलीच राहते. आपले सात संपले की काळा, आणि काळा घातला की गेम जिंकला. पांढरा आधी समोरच्याच्या बॉलला लागला तर तो फाउल. पाळी नसताना बॉलला हात लावला तर तोही फाउल. फाउल झाला की समोरच्याला पांढरा हातात मिळतो, म्हणजे तो उचलून टेबलावर वाटेल तिथं ठेवायचा आणि खेळायचं. चांगल्या खेळाडूच्या हातात पांढरा दिला म्हणजे घराची किल्लीच दिली.

हे सगळं मी माझ्या वडिलांना कितीदा तरी सांगितलं. ऐकून घेतात आणि म्हणतात, "दोन लेकरांचा बाप झालास आन् अजून गोट्याच खेळतुयास व्हय रं?"

त्या स्पर्धेत मला काय हवं होतं तेही सरळ सांगतो. पहिल्या आठांत येणारे राज्याच्या संघात जाणार होते आणि संघ पुढं देशाच्या स्पर्धेत खेळणार होता. संघाला टी-शर्ट मिळतो आणि त्याच्या पाठीवर महाराष्ट्र असं लिहिलेलं असतं. मला तो टी-शर्ट हवा होता. खेळाची सेवा, देशाचं नाव, असलं काही माझ्या मनात नव्हतं. कंपनीत माझ्या पाठीवर कंपनीचं नाव असतं, गावात गेलो की मी वडिलांच्या नावानं ओळखला जातो. एकदा, फक्त एकदा, माझ्या पाठीवर मी स्वतः मिळवलेलं काहीतरी असावं एवढीच हाव होती. आणि वेळ संपत आली होती, हे मला कळत होतं. चष्म्याचा नंबर वाढला होता, कंपनीत बारा तासांच्या शिफ्टची भाषा सुरू झाली होती. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

खेळ मला मामांनी शिकवला. ते माझे सख्खे मामा नव्हेत, सगळं दौंड त्यांना मामाच म्हणतं. रेल्वेत गार्ड होते. रेल्वे कॉलनीतल्या क्लबात जुन्या साहेबलोकांच्या काळापासून एक टेबल होतं, त्यावर ते तरुणपणी शिकले, आणि रिटायर झाल्यावर स्टेशनाजवळ एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर दोन टेबलं टाकून बसले. मी कुरकुंभला नोकरीला लागलो तेव्हा फर्स्ट शिफ्ट सुटली की खोलीवर जाऊन भिंतीकडं बघत बसायचो. एक दिवस तो जिना चढलो, तो पुढं कित्येक वर्षं चढतच राहिलो.

मामांकडं नियमांच्या पाट्या नव्हत्या, नियम एकच होता. ज्याचा फाउल त्यानं सांगायचा. समोरच्यानं बघितला असो वा नसो, पांढरा केसभर जरी चुकीच्या बॉलला घासला असला तरी आपण हात वर करायचा आणि म्हणायचं, "सॉरी." समोरच्यानं म्हणायचं, "चालतंय," आणि पांढरा उचलायचा. संपलं. वाद नाही, आरडाओरडा नाही. मामा म्हणायचे, "पंच लागतो चोरांना. आपल्याला आपलं त्वांड हाय." आणि न सांगता कुणी फाउल पचवला तर त्याला काठी ठेवून जिना उतरावा लागे. मग तो नगरसेवकाचा भाचा का असेना.

त्यामुळं आमच्याकडं सॉरी या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. आमच्या कंपनीतला बिहारचा एक फिटर नव्यानं खेळायला यायचा. फार नम्र माणूस. कुणाला धक्का लागला की सॉरी, काठीच्या टोकाला लावायचा खडू खाली पडला की सॉरी, शिंकला तरी सॉरी. तो सॉरी म्हणाला की समोरचा मुकाट्यानं पांढरा उचलायचा. बिचाऱ्याला आठवडाभर कळेना की आपण सारखे हरतोय कसे. शेवटी मीच त्याला म्हणालो, "भैया, यहाँ सॉरी मत बोलो, गेंद चली जाती है." त्यानंतर तो कुणाच्या पायावर पाय पडला तरी गप्प राहायचा. आम्ही पोट धरून हसायचो, आणि आम्हाला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. बाहेरचं जग काय भानगडी करतं आणि आमच्या दौंडात कसं सगळं सरळ, असा तो अभिमान होता. आता आठवला की कानशिलं तापतात.

तर स्पर्धा. सुरुवातीच्या फेऱ्या माझ्या बऱ्या गेल्या. सोलापूरचा एक जण हरवला, नाशिकचा एक हरवला, मुंबईच्या एकाला तर दोन गेमही मिळू दिले नाहीत. मामा सगळ्या सामन्यांना मागच्या खुर्चीवर बसून होते, लग्नाला आल्यासारखे पांढऱ्या स्वच्छ शर्टात. मधे मधे एवढंच म्हणायचे, "सावकाश." रविवारी आठांत जाण्याचा सामना होता. हा जिंकला की टी-शर्ट.

त्या दिवशी वडीलही आले. कवठ्याहून शिक्रापूर काही लांब नाही, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमचा पोरगा मंगल कार्यालयात मोठ्या स्पर्धेत खेळतोय. डोक्याला फेटा, हातात पिशवी. आल्या आल्या त्यांनी हॉलभर नजर टाकली आणि विचारलं, "आन् जेवाण कुठं हाय?" मी म्हणालो, "आबा, इथं जेवण नसतं." ते म्हणाले, "येवढं मोठं कार्यालय घ्यून जेवाण न्हाई?" आणि नाराज होऊनच बसले.

समोर पुण्याच्या एका मोठ्या क्लबचा पोरगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. स्वतःची काठी चामड्याच्या पेटीत घेऊन आलेला, डाव्या हाताला तीन बोटांचा हातमोजा. खेळ चांगला होता, ते मी नाकारत नाही. त्याचा हात हलका होता आणि टेबलाभोवती तो असा फिरायचा की जणू त्याच्या आजोबांनीच ते टेबल घेऊन ठेवलंय. पण मीही त्या दिवशी वाईट नव्हतो. जो आधी सात गेम घेईल तो पुढं जाणार होता. माझे सहा झाले तेव्हा त्याचे पाच होते.

आणि तेवढ्यात माईकवरून आवाज आला की सर्व खेळाडूंनी दोन मिनिटं थांबावं, मान्यवरांचं आगमन झालेलं आहे. फ्लेक्सवरचा पुढारी आला. ती दोन मिनिटं म्हणजे पुढाऱ्याची दोन मिनिटं. शाल आली, नारळ आला, पुढाऱ्याचा सत्कार झाला, पुढाऱ्याबरोबर आलेल्यांचा सत्कार झाला, पुढाऱ्यानं लहानपणी गोट्या कशा खेळल्या ते सांगितलं. तेव्हा माझ्या वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं की बघ, मी काय म्हणत होतो. मग पुढारी एका टेबलाजवळ गेला, कुणीतरी त्याच्या हातात काठी दिली, त्यानं फोटोसाठी वाकून मारली आणि काठी पांढऱ्याला लागलीच नाही. टाळ्या झाल्या. आम्ही आपले खुर्च्यांवर हात चोळत बसून. गेला एकदाचा तो, आणि पुढचा गेम मी हरलो. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण हात गार पडला होता.

सहा-सहा. शेवटचा गेम.

आता इथं एक सांगायला हवं. प्रत्येक टेबलाला वेगळा पंच नव्हता. दोन पंच हॉलभर फिरत होते आणि वाद झाला की त्यांना बोलवायचं. कुणी काही बघितलं नसेल तर खेळणाऱ्याचा शब्द खरा धरायचा, असा नियम सकाळी वाचून दाखवला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, हे तर आपल्या मामांचंच झालं.

त्या गेममध्ये माझे भरीव होते, त्याचे पट्ट्याचे. माझा एकच लाल उरला होता आणि मग काळा. त्याचे तीन उरले होते. पाळी त्याची होती. त्याला पट्ट्याचा पिवळा घ्यायचा होता, पण वाटेत माझा लाल बॉल अर्धा आडवा येत होता. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मी माझ्या खुर्चीवर होतो, आणि तो माझ्याकडं पाठ करून वाकल्यामुळं मला पांढरा दिसत नव्हता. त्यानं मारला. आवाज आला. त्यानं धरलेल्या भोकात पिवळा गेला नाही, तो दोन कडांना आपटून भलत्याच भोकात जाऊन पडला. मग तो वळला, त्यानं डावा हात वर केला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "सॉरी."

केवढा सरळ पोरगा, असं मला वाटलं. खरंच वाटलं. शेवटच्या गेमला, सहा-सहा असताना, कुणी बघितलेलं नसताना आपला फाउल आपण सांगतोय. पुण्याबद्दल आजवर काय काय बोललो असेन त्याची मनातल्या मनात माफी मागितली. "चालतंय," असं म्हणत मी उठलो, टेबलाजवळ गेलो आणि पांढरा उचलला.

"अहो, काय करताय?" तो म्हणाला.

मी बॉल हातात घेऊन उभा. लाल कुठून घ्यायचा, पांढरा कुठं ठेवायचा, याचं गणित डोक्यात झालेलंसुद्धा होतं. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा असतो.

"माझी पाळी आहे. बॉल का उचलला तुम्ही?"

"तुम्ही सॉरी म्हणालात ना," मी म्हणालो.

"लकी गेला म्हणून म्हणालो. भलत्याच होलमध्ये गेला ना, म्हणून." आणि त्यानं हात वर करून पंचांना हाक मारली.

मला त्या दिवशी कळलं की मोठ्या ठिकाणी नशिबानं बॉल पडला तर सॉरी म्हणायची रीत आहे. म्हणजे बॉल पडल्याचा आनंद करायचा, पण वाईट वाटल्यासारखं दाखवायचं. आमच्याकडं नशिबानं बॉल पडला तर शिट्ट्या मारतात. सॉरी कशाला म्हणतील?

पंच आले. चौकशी झाली. पोरग्याला विचारलं, "फाउल झाला होता का?" तो म्हणाला, "नाही." मला विचारलं, "तुम्ही फाउल पाहिलात?" मी म्हणालो, "नाही. तो सॉरी म्हणाला." शेजारच्या टेबलांवरचे दोघे-तिघे हसले. पंचांनाही हसू आलं, ते त्यांनी गिळलं. मी म्हणालो, "आमच्या दौंडात सॉरी म्हटलं की बॉल आपला असतो." आता सगळेच हसले. अडतीस वर्षांचा माणूस हातात पांढरा बॉल घेऊन भर हॉलमध्ये हे वाक्य बोलतोय, हे मला नंतर कितीतरी दिवस आंघोळ करताना, मशीनपुढं उभा असताना आठवायचं आणि मी एकटाच "छ्या" म्हणायचो.

मी मागं मामांकडं बघितलं. मामा ज्या बाजूला बसले होते तिथून त्यांना टेबल माझ्यापेक्षा बरं दिसत असणार. निदान त्यांनी एवढं तरी म्हणावं, की आमचा माणूस लबाडी करणाऱ्यांतला नाही, सॉरीचा घोळ झालाय, शॉट होता तसा परत लावा. पंच मऊ दिसत होते. कुणी वडीलधारं बोललं असतं तर कदाचित ऐकलं असतं.

मामा उभे राहिले. हात मागं बांधले आणि पंचांना म्हणाले, "पोरगं न्हाई म्हणतंय म्हंजी न्हाई. ख्येळाडू खोटं बोलत न्हाई. आमच्यानं बॉल उचलला, आमचा फाउल." आणि खाली बसले.

खेळ कळणारा माझ्या बाजूचा एकुलता एक माणूस, आणि त्यानं मलाच लाल झेंडी दाखवली. पंचांना काय, काम सोपं झालं. माझा फाउल, पांढरा पोरग्याच्या हातात. त्यानं तो हवा तिथं ठेवला, उरलेले दोन घेतले, काळा घेतला आणि माझ्याशी हात मिळवला. मी हात मिळवला. हॉलमध्ये कुणाचा तरी नारळ फुटल्याचा आवाज आला, एवढं आठवतं.

वडील पिशवी उचलून माझ्याजवळ आले. "हारलास व्हय?"

"हो."

"त्ये गोटी उचलली म्हून?"

"हो. तो सॉरी म्हणाला म्हणून उचलली."

वडिलांनी थोडा विचार केला. "मंग सॉरी त्यो म्हणला, आन् हारला तू कसा?" त्यांनी वाट बघितली, मग "चल, यष्टी निघंल माजी" म्हणून निघून गेले. इतक्या वर्षांत या खेळाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिलाच शहाणा प्रश्न होता.

मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेलो. पंगतीतली माणसं हात धुतात त्या नळांजवळ एक चहावाला बसला होता. चहा घेतला. तेवढ्यात तो पोरगा आला. काठीची पेटी खांद्याला, हातमोजा अजून हातात तसाच. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बॅड लक." मघापर्यंत तुम्ही होतो, तो जिंकल्यावर काका झालो.

मी मान हलवली.

"एक सांगू का?" तो म्हणाला. आवाज खाली आणला होता, पण लाजेनं नाही. घरच्या माणसाला गुपित सांगावं तसा. "आधी तुमचा लालच लागला होता. थोडासाच. मला कळलं होतं. पण सॉरी मी त्यासाठी नव्हतो म्हणालो हां. ते लकी गेला म्हणूनच. पुढच्या वेळी असं थेट बॉल उचलू नका. आधी विचारायचं, फाउल आहे का."

"मग पंचांनी विचारलं तेव्हा 'नाही' असं का म्हणालात?"

"सहा-सहा होतं ना, काका," तो म्हणाला. जणू मी टाइम काय झाला असं विचारलं होतं.

पाच सेकंदांत माझ्या डोक्यात बरंच काही येऊन गेलं. चहा त्याच्या तोंडावर फेकायचा. त्याच्या कॉलरला धरून पुन्हा स्टेजवर न्यायचं, त्या दोन मोरांच्या मधे उभं करायचं आणि माईकवर बोलायला लावायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तेव्हा संन्याशानं निदान आरडाओरडा तरी करावा. मी कवठ्याचा आहे, आमच्याकडं बांधावरून डोकी फुटतात. आणि या माझ्या तोंडातून काय निघालं, तर "असू द्या." वर पुढच्या सामन्याला शुभेच्छासुद्धा दिल्या. तो थँक्यू काका म्हणाला आणि गेला. पुढचा सामना तो हरला म्हणे, पण त्यानं काय होतं. आठांत तो आलाच होता.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही निघालो. न्हावऱ्याच्या रस्त्यानं, माझ्या जुन्या गाडीत. मामा शेजारी. उसाच्या ट्रॉल्या पुढं लागल्या होत्या, एकामागं एक, आणि ओव्हरटेक करायची माझी इच्छा नव्हती. मामा खूश होते. खरंच खूश होते, हे मला जास्त लागलं. म्हणाले, "झ्याक ख्येळलास. मी तर म्हणतो, जिंकल्यावानीच हाय. त्वा बॉल उचलला ती चूक, पर मन साफ व्हतं. आन् त्ये पोरगं बी चांगल्या घरचं दिसलं. न्हाईतर आजकालची पोरं."

नळांजवळचं ते मामांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. म्हातारा माणूस, सत्तरी ओलांडलेली, हीच एक गोष्ट धरून सगळा जन्म काढला. काय मिळणार आहे त्यांना सांगून? पण ते "चांगल्या घरचं" ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. मी त्यांना सांगितलं. दुखावं म्हणून, मुद्दाम सांगितलं. लाल आधी लागला होता, पोरग्याला माहीत होतं, त्यानं पंचांच्या तोंडावर खोटं सांगितलं, आणि मागनं येऊन मला त्यानं खेळ शिकवला, हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं. "खेळाडू खोटं बोलत नाही, असं तुम्ही म्हणालात ना मामा? बोलतो. आणि महाराष्ट्राच्या संघात जातो."

भीमेचा पूल आला, गेला. मी एकदा तिरक्या नजरेनं बघितलं. ते समोर ट्रॉलीकडं बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मला वाटलं, आता फुटेल हा माणूस. फुटावं असंच मला वाटत होतं. त्यांनी त्या पोरग्याच्या सात पिढ्या काढाव्यात, गाडी वळव म्हणावं, मी गाडी वळवली असती. निदान डॅशबोर्डवर एक हात तरी आपटावा. माझा टी-शर्ट गेला होता आणि तो परत येणार नव्हता, एवढं मला कळत होतं. पण तो चोरीला गेलाय, हे माझ्याशिवाय आणखी एका माणसानं मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "मंग त्वा काय म्हणला त्येला?"

"काय म्हणणार? असू द्या म्हणालो."

मामांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. हो, समाधानच, दुसरा शब्द नाही.

"बरं केलंस," ते म्हणाले.

मी त्यांना त्यांच्या जिन्यापाशी सोडलं. गाडीतून उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी काढला नाही, पण मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्याला आता दोन वर्षं होतील. मी तो जिना पुन्हा चढलेलो नाही. काठी माळ्यावर आहे. लोकांना सांगतो, पाठ दुखते. मामांचे फोन येतात. टेबलाचं कापड नवं टाकलंय, नवी पोरं आलीत, त्यांना शिकवायला ये म्हणतात. मी शिफ्टचं कारण देतो, ते बरं म्हणतात. त्या पोरग्याचा राग माझ्या मनात फारसा उरलेला नाही. असली पोरं असायचीच, आणि त्याचं तोंडसुद्धा आता मला नीट आठवत नाही. पण मामांनी त्या दिवशी गाडीत त्याला एक सणसणीत शिवी हासडली असती ना, एकच, तर मी आजही खेळत असतो.